सदू गुरवाचा व्हिसा

रत्नागिरीत एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीवर 'सर्व प्रकारचे ऑनलाइन अर्ज' असं लिहिलंय, त्यामुळे सातबाऱ्यापासून पासपोर्टपर्यंत सगळी कटकट माझ्याच टेबलावर येऊन पडते. मी काही गोड बोलणारा माणूस नाही. बायको म्हणते, तुमच्याकडे गिऱ्हाईक येतं ते तुमच्यामुळे नाही, बाजूच्याचा प्रिंटर बिघडलेला असतो म्हणून. असेल. पण अर्ज भरण्यात आपला हात कुणी धरू शकत नाही, असं मला गेल्या सप्टेंबरपर्यंत ठामपणे वाटत होतं.

गणपती होऊन आठवडा झाला असेल. दुपारी सदू गुरव दुकानात आले. राजापूरच्या अलीकडे डोंगरात चिंचकोंड म्हणून गाव आहे, तिथल्या नवलाईच्या देवळाचे हे गुरव. वय बासष्ट, अंगानं किडकिडीत, पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. माझ्या मामांच्या ओळखीनं आले होते. मी खुर्ची दिली तर काठावर टेकले, लगेच उठले, दारापर्यंत जाऊन गाडी लागलीय का ते बघून आले, पुन्हा टेकले. पुढचे अडीच महिने मी ह्या माणसाला धड बसलेलं पाहिलं नाही.

"विलायतेचा कागद करायचा हाय," ते म्हणाले. "डिसेंबरच्या आत."

त्यांनी पिशवीतून दोन पासपोर्ट काढले. एक त्यांचा, एक बायकोचा. मुलगी शमिका नर्स होऊन इंग्लंडला लीड्स नावाच्या गावी गेली, तेव्हा नवराबायकोनं हौसेनं जोडीनं करून घेतले होते. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. मी तिचा पासपोर्ट बाजूला ठेवला, तर त्यांनी तो उचलून आपल्याच पासपोर्टखाली ठेवला.

शमिकाला दिवस गेले होते. डिसेंबरची वीस तारीख दिली होती. जावई अजिंक्य स्वभावानं चांगला, पण कारखान्यात रात्रपाळी करणारा, आणि त्याची आई गावी अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली. शमिकाला इकडे यायचं तर रजा नाही आणि डॉक्टर विमानात बसू देत नाहीत.

"पयला बालंतपान म्हायेरचा असता," सदूकाका म्हणाले. "आनि म्हायेर म्हंजे आता मीच हाय."

"काका, बाळंतपणाला बायका जातात. बाप्ये जाऊन काय करणार?"

"शिकतोय मी."

आणि खरंच शिकत होते. गावात सखूबाई म्हणून जुनी सुईण आहे, तिच्याकडे रोज दुपारी जायचे. अळिवाची खीर, मेथीचे लाडू, बाळंतिणीला शेक कसा द्यायचा, सगळं. पोराला न्हाऊ घालायचं कसं हे सखूबाईनं दुधी भोपळ्यावर शिकवलं होतं. पाय लांब करून बसायचं, भोपळा नडग्यांवर पालथा घालायचा, तेल चोळायचं, मानेखाली हात सोडायचा नाही. तीन भोपळे पडून फुटले, चौथा टिकला, असं त्यांनी अगदी गंभीरपणे मला सांगितलं. मी हसलो तेव्हा ते हसले नाहीत.

ह्या माणसाचा जन्म एकाच देवळात गेला होता. पहाटे पाचला पूजा, संध्याकाळी दिवा. तीस वर्षांत गावाबाहेर सलग दोन रात्री काढल्या नव्हत्या, मुंबई पाहिली ती दोनदा. पण गावातलं जे कोण मुंबईला, जहाजावर, आखातात गेलं, ते सदू गुरवाला कौल लावायला सांगूनच गेलं. देवीच्या मूर्तीला दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि बघत बसायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दोनशे माणसं तरी त्यांनी अशी बाहेर धाडली असतील, आणि स्वतः तिथंच राहिले.

मला ह्यातलं काही पटत नाही. माझे आजोबा भिवा ह्यांनी छप्पन साली देव सोडले ते सोडलेच. आमच्या घरात नारळ फुटतो तो चटणीसाठी. पण अर्ज तो अर्ज. मी बाह्या सरसावल्या.

माझी अक्कल अशी की, परक्या साहेबाला जितकं कमी सांगाल तितकं बरं. बाळंतपण लिहिलं की त्यांना वाटणार म्हातारा पोर सांभाळायला राहतोय. म्हणून कारण लिहिलं: पर्यटन. गुरव लिहिलं तर हजार प्रश्न, म्हणून धंदा लिहिला: शेती. किती दिवस राहणार, असं विचारलं तर सदूकाका म्हणाले, "पोर उठून चालाय लागंस्तवर." ते काही रकान्यात बसेना. मी सहा महिने ठोकले. खात्यात शमिकानं एकदम रक्कम पाठवली होती, ती कुठून आली हे सांगायचीही मला गरज वाटली नाही.

ते माझ्या मागे उभे राहून सगळं वाचायचा प्रयत्न करत होते. इंग्रजी येत नव्हतं, तरी.

"प्रज्ञेशा, आपन कोन, कशाला जातोय, ता लिवलास ना?"

"नाही. लागत नाही."

"मंग त्यानला कलनार कसा?"

"काका, हे देऊळ नाही!" मी ओरडलो. ते पुन्हा दाराशी जाऊन उभे राहिले.

बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागतं. ते रात्रीच्या गाडीनं गेले. सकाळी साडेनऊला फोन. "प्रज्ञेशा, ह्ये नारल आत घेत नायत." मला आधी कळेचना. त्यांनी साहेबापुढं ठेवायला म्हणून देवळातला नारळ आणि विडा नेला होता. दारावरच्या शिपायानं अडवलं. मी फोनवर कपाळाला हात लावला आणि सांगितलं, ठेवा कुठंतरी बाहेर. तर बाहेरच्या झाडाखाली नारळ ठेवून, हात जोडून, ते आत गेले.

मग वाट पाहणं. मी पुष्कळ लोकांना वाट पाहताना बघितलंय, पण हे प्रकरण वेगळं होतं. सकाळची पूजा झाली की पहिला फोन. दुपारी सखूबाईकडून आल्यावर दुसरा. दिवा लावून झाला की तिसरा. आठवड्यातून दोनदा स्वतः गाडीत बसून यायचे. आल्यावर काम काय, तर काही नाही. पाटी पुसायचे, झेरॉक्सचे कागद नीट लावायचे, गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन यायचे. शमिकानं त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो पाठवला होता, त्यात वीस तारखेला लाल गोल. तो फोटो काढून बघायचे आणि मला विचारायचे, "आज आला असंल काय?" मी चिडायचो. खरं म्हणजे मलाही रोज उठल्याबरोबर तीच हुरहुर. पण तसं दाखवायचं नाही.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आला. ईमेल माझ्याच पडद्यावर. व्हिसा नाकारला होता.

कारणं व्यवस्थित लिहिलेली होती. तुम्ही पर्यटनाला येतो म्हणता, पण काय बघणार ते सांगत नाही. शेतकरी म्हणता, मग सहा महिने शेती कोण बघणार? खात्यात अचानक पैसे आले ते कुणाचे? आणि मुदत संपल्यावर तुम्ही परत जाल, असं मला वाटत नाही. खाली सही नाही, नाव नाही.

मी आधी इंग्रजांना शिव्या घातल्या. मग व्हिसाला. मग जवळ उभ्या असलेल्या सदूकाकांना, तुम्ही आधी का नाही आलात म्हणून. आणि बोलता बोलता मला कळलं की ही सगळी कारणं म्हणजे माझीच हुशारी आहे. एकेक ओळ मीच लिहिली होती. मला इतकी लाज वाटली की मी पडद्याकडेच बघत राहिलो. डिसेंबरच्या वीस तारखेला साठ-पासष्ट दिवस राहिले होते.

"वाच परत," सदूकाका म्हणाले. "मराठीत."

मी वाचलं. ते मान हलवत ऐकत होते. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, उलट काहीतरी ओळखीचं दिसल्यासारखा चेहरा.

"डावा पडला," ते म्हणाले.

"काका, सगळं संपलं. नकार आहे हा."

"डावा पडला म्हंजे संपला? अरे, डावा पडला की गुरव उठून जातो काय? त्यो बसतो. म्हनतो, बाय माजे, काय चुकला ता सांग. प्रश्न नीट घालतो. तीस वर्सा मी ताच केलाय." मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "आनि ह्यो तर बरा. ह्यानी लिवून दिलान काय चुकला ता. आमची नवलाई कंदी लिवून देत नाय."

मी म्हटलं, मग आता काय करायचं? ते म्हणाले, गाऱ्हाणं घालायचं. ते बोलणार, मी लिहायचं. माझी अक्कल चालवायची नाही.

दिवाळी झाल्या झाल्या ते आले. दुकानात त्या वेळी दोन गिऱ्हाईकं होती, दोघं राजापूरकडचेच, दाखल्याच्या झेरॉक्ससाठी थांबलेले. सदूकाका माझ्या टेबलासमोर उभे राहिले, हात जोडले, डोळे मिटले आणि सुरू झाले. मी टाइप करत गेलो.

"साह्यबा म्हाराजा, मी सदाशिव, चिंचकोंडच्या नवलाईचा गुरव. माजा आजा गुरव, बाप गुरव. माज्या घराला तीन खोल्या, फुडं अंगान, मागं आठ हापूस. माजी बायको तीन वर्सामागं गेली. तिचा पासपोर्ट कोराच ऱ्हायला. माजी येकुलती लेक तुमच्या मुलकात तुमच्याच मानसांची सेवा करता. तिचा पयला बालंतपान हाय. आमच्यात ता आयनं करायचा असता. आय नाय, म्हनून बापानं करायचा. मी सगला शिकलोय."

मागून एका गिऱ्हाईकानं सवयीनं म्हटलं, "व्हय म्हाराजा." दुसऱ्यानंही. गाऱ्हाणं कानावर पडलं की ह्या लोकांना गप्प बसवत नाही. मी म्हटलं नाही. मी टाइप करत राहिलो.

"गेल्या टायमाला आमच्या हातून चूक झाली. आमी फिराय येतो म्हनून लिवला, ता खोटा. पैसं लेकीनं तिकिटासाटी पाठवलं, ता सांगितला नाय, ती बी चूक. पदरात घे म्हाराजा. मी नसताना पूजा माजा पुतन्या विठू करील. पन शिमग्याला देवीची पालखी उठवाची ती माज्या हातान. त्या दिवशी देवीला मीच सजवतो. ता काम विठूचा नाय, अजून तो लहान हाय. म्हनून होळीच्या पुनवेच्या आधी चार दिवस मी माज्या दारात असन. हा माजा शबूद हाय. माका तुज्या मुलकात ऱ्हायाचा नाय म्हाराजा. माका फकस्त पोरीजवल पोचाचा हाय."

"व्हय म्हाराजा," दोघं म्हणाले. त्यांतला एक डोळे पुसत होता. मला वाटतं मीही जरा पंख्याकडे तोंड केलं होतं.

मी ते सगळं जसंच्या तसं इंग्रजीत केलं. 'साह्यबा म्हाराजा'चं 'आदरणीय अधिकारी' केलं, तेवढाच फरक. गावच्या सरपंचांचा दाखला जोडला, विठूचं पत्र, शमिकाच्या डॉक्टरचं पत्र, पालखीचा मागच्या वर्षीचा फोटो, ज्यात सदूकाका देवीसमोर उभे आहेत. राहण्याचे दिवस: नव्वद. परतीची तारीख: सव्वीस फेब्रुवारी. ह्या खेपेला ते नारळ न घेता मुंबईला गेले. मी विचारलं तर म्हणाले, "एकदा ठेवलाय की."

पण नोव्हेंबर उजाडला तसं सगळंच बिघडायला लागलं. शमिकाचा रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, वीसची वाट बघता येणार नाही, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच पोट चिरून बाळ काढावं लागेल. ते कळलं तेव्हापासून सदूकाकांचं जेवण सुटलं. विठूनं मला फोन करून सांगितलं, काका रात्री उठून अंगणात येरझारा घालतात. दुकानात आले की नखं कुरतडायचे. एकदा मी त्यांना चहा दिला, तो त्यांनी हातात धरून थंड केला आणि तसाच परत दिला. शमिका फोनवर म्हणायची, बाबा, नाही जमलं तर नाही, मी करीन. ते म्हणायचे, तू गप ऱ्हा. आणि फोन ठेवून मला म्हणायचे, "ती भ्याली हाय. लहानपनी भ्याली की असाच बोलायची."

मला झोप लागेना. पहिली चूक माझी. महिना मी खाल्ला होता. ही बाई परक्या गावात एकटी टेबलावर जाणार आणि म्हातारा इथं भोपळे न्हाऊ घालत बसणार, तर त्याचं खापर कुणावर फुटणार?

सव्वीस नोव्हेंबरला कुरिअरवाला आला. सदूकाका त्या वेळी गल्लीच्या तोंडाशीच उभे होते, त्याच्या मागोमाग धावत आले. पाकीट त्यांच्या नावाचं, सही त्यांनी केली, आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

"फोड तू."

"तुम्हीच फोडा."

"माज्यान नाय होत."

मी फोडलं. पासपोर्ट उघडला. सतरावं पान, त्यावर चिकटवलेला रंगीत कागद, त्यांचा फोटो, सहा महिन्यांची मुदत. मी नुसतंच पान त्यांच्यासमोर धरलं. सदूकाका खुर्चीत बसले. पूर्ण बसले, पाठ टेकून. असं मिनिटभर झालं असेल. मग उठले आणि म्हणाले, "तिकीट काढ."

मला थट्टा सुचली. "काका, पण कौल कुठं लावलात? देवीला विचारलंत की नाही?"

"गुरव सोताचा कौल लावत नाय," ते म्हणाले. "दुसऱ्यानं लावाचा असता. तू लावलास ना."

एकोणतीसला ते गेले. चार डिसेंबरला मुलगी झाली, तीन दिवस आधी आजोबा दवाखान्यात हजर होते. शमिकानं फोटो पाठवला. हे लीड्सच्या घरात जमिनीवर पाय लांब करून बसलेत, अंगात दोन स्वेटर, नडग्यांवर पालथं पोर, आणि हात बरोबर मानेखाली. मी तो फोटो सखूबाईला दाखवायला मुद्दाम चिंचकोंडला गेलो. नातीचं नाव ईशा ठेवलं.

फेब्रुवारीत शमिकाचा मला फोन आला. ती रडत होती. तिची रजा अजून होती, पण अजिंक्य रात्रपाळीला गेला की घर खायला उठायचं, पोर फक्त आजोबांच्या पायांवर गप्प व्हायची. "प्रज्ञेशदादा, व्हिसा मेपर्यंत आहे. बाबा ऐकत नाहीत. तुम्ही सांगा."

तिचं म्हणणं चुकीचं काय होतं? मी सदूकाकांना फोन लावला. म्हटलं, काका, राहा. कायद्यानं मुदत आहे. पालखी एका वर्षी विठू उठवील, देवी काही रागावणार नाही.

"आपन काय लिवला होता?"

"अहो, ते कागदावर. कोण वाचतंय आता?"

पलीकडून ईशाचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "कुनीतरी वाचला म्हनून मी हितं हाय, प्रज्ञेशा."

सत्तावीस फेब्रुवारीला दुपारी ते दुकानात आले. विमानतळावरून थेट, गावी जायच्या आधी. चेहरा सुजलेला, पिशवी तीच. टेबलासमोर उभे राहिले.

"लिव," ते म्हणाले.

"आता काय?"

"साह्यबाला कलवायचा हाय. मी आलो म्हनून."

मी त्यांना समजावलं. असं कुणी कळवत नाही. असा अर्ज नाही, असा रकाना नाही, वाचणारा माणूस तोच असेल असंही नाही.

"नवस फेडताना देव रकाना देतो काय? बोललो ता केला, ह्या जाऊन सांगाचा असता. लिव तू."

मी संगणक चालू केला. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले.

"साह्यबा म्हाराजा, मी सदाशिव, चिंचकोंडच्या नवलाईचा गुरव. तू जाऊ दिलास म्हनून मी लेकीजवल पोचलो. नात झाली. दोघी बऱ्या हायत. निघताना लेक रडली. ऱ्हा म्हनाली. मी बी रडलो. नातीला पायावरनं उचलून तिच्याकडं दिली तवा माजा हात सुटत नव्हता. पन तुज्याकडं शबूद दिलेला होता. मी आलोय, म्हाराजा. ह्या सांगाय लिवतोय. आनखी काय मागना नाय."

ते थांबले. डोळे उघडले नाहीत. दुकानात त्या वेळी कुणी गिऱ्हाईक नव्हतं. बाहेर स्टँडवर राजापूर गाडीची घोषणा चालू होती. गाऱ्हाणं एकट्यानं पुरं होत नाही, मागून कुणीतरी होकार भरावा लागतो, एवढं मला एव्हाना कळलं होतं. सदूकाका हात जोडून वाट बघत उभे होते.

"होय," मी म्हणालो.

"म्हाराजा," ते त्यांनी स्वतःच जोडलं. मग मी कागद छापला, त्यांनी सही केली, आणि आम्ही दोघं तो टाकायला पोस्टात गेलो.